दोन पाचुंद्यांचे आडनाव

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या पुण्याहून बारामतीला घरी आला. हातात मिठाईचा पुडा आणि दुसऱ्या हातात एक प्लास्टिकची फाईल. चहा झाल्यावर त्याने फाईल उघडून माझ्यापुढे ठेवली. राजपत्रात नाव बदलून घेण्याचा अर्ज होता. जुने आडनाव मुलाणी, नवे आडनाव शेख. ‘चाचा, दादांचा एखादा जुना कागद लागेल. आणि तुमचं मत पण पाहिजे,’ तो म्हणाला.

मी कारण विचारले. त्याला नुकतीच मुलगी झाली आहे. जन्माच्या दाखल्यावर नाव घालायचे आहे. ते घालण्याआधीच आडनावाचा निकाल लावून टाकू, असे त्याच्या मनात होते. पुण्यात कचेरीत लोक त्याला सिंधी समजतात. अडवाणी, कृपलानी तसे मुलाणी. मग तो मुसलमान आहे हे कळले की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. पण खरे दुखणे ते नव्हते. त्याच्या सासरचे लोक शेख. लग्नात तिकडच्या कुणीतरी हसत हसत म्हटले होते, ‘मुलाणी म्हणजे गावात बकरे कापणारे ना?’ तो शब्द त्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता.

मी म्हटले, ‘बेटा, नाव तुझे आहे. बदलायचे तर बदल. पण जे टाकून देणार आहेस ते काय आहे, एवढे तरी आधी वाचून घे.’ त्याला सांगता सांगता मलाच कितीतरी गोष्टी नव्याने कळल्या. त्या तुम्हालाही सांगाव्यात म्हणून हे बोलणे.

आडनाव हा शब्दच गमतीचा आहे. नावाला आडवे लागलेले नाव. जगात सगळीकडे ते एकाच रीतीने लागलेले नाही. तुर्कस्तानात 1934 साली कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाला आडनाव घेणे भाग पडले. मुस्तफा कमाल यांना ‘अतातुर्क’ हे आडनाव त्याच कायद्यामुळे मिळाले. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेला मिळत नाही. त्यांच्याकडे आडनाव माणसाचे नसते, घराचे असते. ‘एचेबेरिया’ म्हणजे नवे घर. त्या घरात जो राहायला येईल त्याला त्या घराचे नाव लागे. नव्या घराचे हे नाव बदलत बदलत ‘झेवियर’ झाले. ज्या सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे, तो याच मुलखातला. त्याच्या घराण्याच्या गढीचे नाव घेऊन तो 1542 मध्ये गोव्यात उतरला. आज गोव्यात किंवा वसईत कुणी झेवियर भेटला, मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात कुणाचा मुलगा शिकत असला, तर त्या सगळ्यांच्या ओठांवर समुद्रापलीकडच्या एका ‘नव्या घरा’चे नाव असते. त्यांच्यापैकी किती जणांना ते ठाऊक असेल?

आपल्या महाराष्ट्रात घराऐवजी गाव आले. गावाला ‘कर’ लावला की आडनाव तयार. आमच्या बारामतीचेच उदाहरण घ्या. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे पेशवाईतले मोठे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. 1740 मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावे म्हणून बाबूजींनी खटपटही केली होती. या एका माणसाचे नाव इतिहासात कसे येते पाहा. बाबूजी नाईक जोशी बारामतीकर. जोशी हे कामाचे नाव, नाईक हा मान, बारामतीकर हे गावाचे नाव. एका माणसाच्या मागे तीन आडनावे उभी आहेत. जेव्हा ज्याची गरज पडेल तेव्हा ते पुढे करायचे.

त्यांच्याच आश्रयाने बारामतीत राहिलेले कविवर्य मोरोपंत. 1729 मध्ये पन्हाळ्यावर जन्म, 1794 मध्ये मृत्यू. आर्या रचल्या त्या बारामतीत, पण आडनाव राहिले पराडकर. गाव सुटले तरी आडनावाने गाव सोडले नाही. बारामतीच्या शाळेत आम्हाला मोरोपंत शिकवले जायचे तेव्हा मला नेहमी वाटायचे, मोरोपंतांचे गाव त्यांच्या नावात आहे, मग माझ्या नावात काय आहे? मुलाणी नावाचे गाव तर नकाशात कुठे सापडत नाही.

ते सापडणार नव्हते, कारण माझे आडनाव गावाचे नाही, कामाचे आहे. आणि कामाच्याही आधी तो एक मानाचा शब्द आहे.

अरबीमध्ये ‘मौला’ म्हणजे धनी, मालक. ‘ना’ म्हणजे आमचा. ‘मौलाना’ म्हणजे आमचे धनी, आमचे स्वामी. मौलाना आझाद यांच्या नावामागे लागतो तोच हा शब्द. ‘मुल्ला’ हाही त्याच घरातला. विद्वान माणसाला, धर्म जाणणाऱ्याला आदराने हाक मारायचा हा शब्द दक्षिणेत आला, मराठी माणसाच्या तोंडी बसला आणि मराठीने त्याला आपला ‘ण’ दिला. मौलानाचा मुलाणा झाला. त्याचे काम ते मुलाणकी. जशी पाटलाची पाटीलकी तशी. मुलाण्याच्या घरातला तो मुलाणी. म्हणजे सिंधी आडनावाशी याचा काही संबंध नाही. सिंधीतला ‘आणी’ हा अमक्याचा वंशज असे सांगतो. आमचा ‘णी’ हा मराठी मातीत रुजलेल्या अरबी शब्दाचा शेवट आहे.

पण या ‘मौला’ शब्दाची खरी गंमत पुढेच आहे. अरबीत त्याचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. मौला म्हणजे मालक. आणि मौला म्हणजे मालकाच्या आसऱ्याने राहणारा, मुक्त केलेला गुलामसुद्धा. आसरा देणारा आणि आसरा घेणारा, दोघांनाही एकच शब्द. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या गावांनी अरबी व्याकरण कधी वाचले नव्हते. पण त्यांनी मुलाण्याला हे दोन्ही अर्थ बरोबर लागू केले. मशिदीत तो पुढे उभा राहणारा आणि खळ्यावर तो वाट्यासाठी मागे उभा राहणारा.

आता खळ्याकडे येऊ. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. त्यात बलुतेदार या शब्दाखाली बारा नावे दिली आहेत आणि त्यांच्या तीन ओळी पाडल्या आहेत. त्यांना कास म्हणत. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार आणि मांग. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. धाकट्या कासेत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. म्हणजे गावचा भट, देवळाचा गुरव आणि मशिदीचा मुलाणा एकाच ओळीत, शेजारी शेजारी. देवाधर्माचे काम करणारे तिघे आणि पाणी भरणारा कोळी, यांना गावाने एकाच मापात बसवले होते.

माप काय, तेही कोशात आहे. पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्यांचा गठ्ठा. थोरल्या कासेतल्या प्रत्येकाला चार पाचुंदे, म्हणजे वीस पेंढ्या. त्यात महाराला आठ पाचुंदे, कारण गावाची सगळी राबणूक त्याच्या अंगावर. मधल्या कासेला तीन. आणि धाकट्या कासेला दोन. मुलाण्याच्या वाट्याला दोन पाचुंदे, दहा पेंढ्या. ‘आमचे धनी’ या शब्दाची गावाच्या बाजारातली किंमत दहा पेंढ्या ज्वारी!

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची सरकारी नोकरी खेड्यापाड्यांतून गेली. बलुतेदारांची कामे, हक्क आणि त्यातली ओढाताण त्यांनी जवळून पाहून लिहिली. ते पुस्तक वाचताना गावगाडा हे काही नंदनवन नव्हते, हे पटते. ज्याला आठ पाचुंदे मिळत त्या महाराला गावकुसाच्या आत राहता येत नव्हते. पेंढ्यांचा हिशेब वेगळा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा हिशेब वेगळा. म्हणून मी जुन्या गावाचे गोडवे गायला बसलेलो नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की मुलाणा हा बाहेरून येऊन गावाच्या कडेला राहिलेला पाहुणा नव्हता. बारा आऱ्यांच्या चाकातली तो एक आरी होता.

त्याचे काम काय होते? मशिदीत दिवाबत्ती करायची, झाडलोट करायची, बांग द्यायची. काझी तालुक्याच्या गावी, तो प्रत्येक वाडीवर कसा पोहोचणार? मग खेड्यातला निकाह मुलाण्याने लावायचा, मयताची नमाज त्याने पढायची. मोहरमात ताबुताची व्यवस्था बघायची. ही झाली मुसलमानांची कामे. पण दोन-चार मुसलमान घरांसाठी सबंध गाव बलुते कशाला देईल? गावाचे काम वेगळे होते. गावदेवीच्या जत्रेत बकरे पडायचे ते मुलाण्याच्या हातून. त्याने सुरी धरून अल्लाचे नाव घेतल्याशिवाय मराठा पाटलाच्या घरीसुद्धा ते मटण शिजत नसे. देवी हिंदूंची, नवस हिंदूचा, बकरे हिंदूचे आणि तोंडातून निघणारे नाव अल्लाचे. यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हते.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही, पाहिलेले आहे. आमचे गाव बारामती-इंदापूरच्या मध्ये, नीरेच्या डाव्या कालव्याच्या बाजूला. मी शाळेत असताना माझे आजोबा जिवंत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गाव त्यांना मुलाणी आजा म्हणायचे. त्यांची सुरी एका हिरव्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली असे. मुलांनी तिला हात लावायचा नाही. अमावस्येला गावातली पोरे काखेत कोंबडे धरून पळत यायची. ‘मुलाणी आजा, एवढं कापून द्या, आई चूल पेटवून बसलीया.’ दादा हात धुवायचे, टोपी नीट करायचे, मगच सुरी हातात घ्यायचे. घाईत असले तरी टोपी विसरली नाही. जनावराला आधी पाणी पाजायचे. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. हा त्यांचा नियम. जत्रेत चाळीस-चाळीस बकऱ्यांची रांग असली तरी तो मोडायचा नाही. लोक कावायचे, पण थांबायचे.

सुगीला मी त्यांच्याबरोबर खळ्यावर जायचो. तोवर बलुत्याचा कायदेशीर जोर संपला होता, पण जुनी घरे अजून वाटा काढून ठेवायची. दहा पेंढ्या मोजून मिळायच्या असे नाही. कुणी पाटीभर ज्वारी द्यायचा, कुणी दोन. एकदा सुताराच्या पोत्यात आमच्या दुप्पट ज्वारी पडलेली मी पाहिली. परत येताना दादांना विचारले, ‘आपल्याला कमी का?’ दादा म्हणाले, ‘सुतार रोज औतं भरून देतो. आपण वर्षाला चार जत्रा करतो. बरोबर आहे त्यांचं.’ त्यांना त्यात कसलाही अपमान वाटला नव्हता. मला मात्र वाटला होता. त्यानंतर खूप वर्षांनी मी मोल्सवर्थ उघडला आणि सुताराला चार, मुलाण्याला दोन हा आकडा पाहिला, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या दिवशी खळ्यावर कुणी आमच्यावर अन्याय केला नव्हता. शंभर-दीडशे वर्षांचे माप तेवढेच होते.

आता हे कामाचे नाव कागदावर आडनाव म्हणून कसे चढले, तेही पाहू. त्यातही आपल्या इंदापूरचा हात आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जी जमीन मोजणी पुढे सगळीकडे गेली तिचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यात घातला. आधीच्या मोजणीत सारा इतका चढा बसला होता की दुष्काळी इंदापुरातली शेते ओस पडू लागली होती. नव्या मोजणीने सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. शेताला नंबर मिळाला. त्याआधी शेत ओळखले जायचे ते थळाच्या नावाने, वतनदार घराण्याच्या नावाने. आता नंबरासमोर माणसाचे नाव लिहावे लागले, आणि ते असे लिहावे लागले की दुसऱ्या गावच्या कारकुनालाही तो माणूस ओळखता यावा.

हे लिहिण्याची जुनी पद्धतही ऐकण्यासारखी आहे. कुणब्याचे नाव लिहायचे तर ‘संभाजी बिन मालोजी’. मुसलमानाचे लिहायचे तर ‘अमुक वलद अमुक’. बिन काय किंवा वलद काय, दोन्ही शब्द अरबी. दोघांचाही अर्थ मुलगा. पंढरीच्या वारकऱ्याच्या सातबाऱ्यावरही त्याच्या बापाशी त्याला जोडणारा शब्द अरबी असायचा. आणि आम्हा मुलाण्यांच्या नावाच्या शेवटी बसलेले गावचे काम मराठी ‘ण’ घेऊन यायचे. कोणी कोणाचे काय घेतले याचा हिशेब करायला बसलो तर सबंध आयुष्य जाईल.

पुतण्यासाठी जुना कागद शोधायला मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेलो. माझ्या पणजोबांच्या वेळची एक नोंद मिळाली, मोडीतली. मोडी जाणणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून ती वाचून घेतली. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले. पणजोबांचे नाव, वलद, त्यांच्या वडिलांचे नाव आणि पुढे मुलाणा. मुलाणी नव्हे, मुलाणा. म्हणजे तोवर ते आडनाव झालेच नव्हते. तो हुद्दा होता. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव घालताना कुठल्या तरी मास्तरांनी त्याचे मुलाणी केले आणि आमचा हुद्दा आमचे आडनाव झाले. हुद्दा सोडता येतो, आडनाव चिकटते.

ही गोष्ट एकट्या मुलाण्यांची नाही. बारामतीच्या बाजारातून किंवा इंदापूरच्या पेठेतून चालत जा आणि पाट्या वाचा. अत्तार म्हणजे अत्तर विकणारा, हे सरळच आहे. बागवान म्हणजे फारसीत बागेची राखण करणारा. आज तो फळे विकतो. तांबोळी हा तर संस्कृत तांबूल शब्दातून आलेला. पानाचा विडा देणारा. मोल्सवर्थने अलुतेदारांच्या यादीत त्यालाही बसवले आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना सैकल, म्हणजे झिलई आणि धार, करणारा. दादांच्या सुरीला जत्रेआधी धार लावणारा शिकलगारच असे. पिंजारी कापूस पिंजणारा, हा शब्द अस्सल मराठी. मोमीन म्हणजे श्रद्धावान. हे नाव विणकरांनी घेतले. इनामदार, जमादार, कोतवाल, पाटील, देशमुख, ही नावे तर दोन्ही समाजांत आहेत. नुसत्या आडनावावरून कोण हिंदू आणि कोण मुसलमान हे सांगता येत नाही. कोकणातले हमीद दलवाई आपल्याला माहीत आहेत. दलवाई हा कानडी शब्द, दळाचा प्रमुख, सेनापती.

मला यातले सगळ्यात आवडते आडनाव मुजावर. दर्ग्याची सेवा करणारा तो मुजावर. अरबीत त्याचा मूळ अर्थ आहे शेजारी. पिराच्या शेजारी राहणारा. फक्त शेजार करतो, एवढ्यावर ज्याचे आडनाव झाले तो माणूस किती सुखी म्हणायचा!

‘मग शेख म्हणजे काय?’ पुतण्याने मध्येच विचारले. प्रश्न बरोबर होता. शेख म्हणजे अरबीत वडीलधारा, वृद्ध, मान्यवर माणूस. आपल्याकडे सय्यद, शेख, मोगल, पठाण अशी वरची चार नावे मानली गेली. त्यातले सय्यद व्हायला वंश सांगावा लागतो. पठाण व्हायला मुलूख सांगावा लागतो. शेख व्हायला फारसे काही सांगावे लागत नाही. म्हणून या देशात ज्यांना कामाचे नाव पुसायचे होते त्यांच्यातले कितीतरी शेख झाले. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्या नावाने हिणवले जाते ते नाव सोडावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे.

आणि शेख या नावाचा मराठीत मोठा मान आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे संतकवी. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ 1645 मधला. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची शेख महंमदांवर श्रद्धा होती, असे परंपरा सांगते. हे मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. इंदापुरात त्यांची गढी आहे आणि गढीला लागून चाँदशाहवलींचा दर्गाही आहे. मालोजीराजांनी आपल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली ती अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराच्या नावावरून, असेही परंपरेने सांगितले जाते. म्हणजे नावे घेण्याचा व्यवहार एकाच बाजूने चाललेला नव्हता.

दुसरे शेख माझ्या अधिक जवळचे. शाहीर अमर शेख. 1916 मध्ये बार्शीला जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. पटेल म्हणजे गावचा पाटील. म्हणजे तेही कामाचेच नाव, आमच्यापेक्षा वरच्या कामाचे. ते त्यांनी बाजूला ठेवले आणि अमर शेख हे नाव घेतले. त्या नावाने संयुक्त महाराष्ट्राचा लढा गाजवला, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या बरोबरीने महाराष्ट्र जागा केला. 29 ऑगस्ट 1969 रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. मी पुण्याहून सोलापूरकडे जाताना इंदापूर आले की खिडकीतून बाहेर पाहतो. त्यांची मुलगी कवयित्री मलिका अमर शेख. वडिलांनी स्वतः घेतलेले नाव तिच्यापर्यंत आडनाव होऊन आले. म्हणजे नाव बदलले की माणूस खोटा होतो असे नाही. माणसाने त्या नावाने पुढे काय केले त्यावर ते नाव खरे होते.

1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मी बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात बी. ए. करत होतो. संमेलनाच्या बातम्या वर्तमानपत्रात शोधून शोधून वाचल्या. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची इतकी नावे मी एका ठिकाणी कधी वाचली नव्हती. आपल्या कवितेखाली आपले आडनाव छापून यायला हरकत नाही, असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. त्याआधी मी दोन कविता नुसत्या पहिल्या नावाने पाठवल्या होत्या. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. ‘म्हणजे चाचा, तुम्ही पण लपवलं होतंत!’ होय, मी पण लपवले होते.

स्वातंत्र्यानंतर गावगाड्याचे दिवस भरले. 1953 मध्ये मुंबई राज्याने गावाच्या उपयोगाच्या सेवा इनामांवर पडदा टाकणारा कायदा केला. सुतारकी, लोहारकीचे वतन गेले आणि रोख मजुरी आली. ते चांगलेच झाले. वाट्यासाठी खळ्यावर उभे राहण्याची पाळी कुणाच्याही नातवावर येऊ नये. कालव्याच्या पाण्याने ज्वारीच्या जागी ऊस आला. उसाच्या रानात खळेही नसते आणि पेंढीही नसते. मुलाण्यांची मुले शिक्षक झाली, एसटीत वाहक झाली, वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर झाली, आता संगणकावर बसली आहेत. दादा गेल्यावर ती सुरी माझ्या वडिलांनी फडक्यासकट पेटीत ठेवली. काही गावांत जत्रेची जुनी चाल अजून आहे, बऱ्याच गावांत ती बंद पडली. काही ठिकाणी जत्रेत आता मुलाण्याला बोलवायचे की नाही यावर चर्चा होते. पूर्वी ती होत नसे. एवढा फरक मी माझ्या आयुष्यात पाहिला.

हे सगळे ऐकून पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, ‘म्हणजे बदलू नको म्हणता?’

मी तसे म्हटले नाही. लग्नात ज्याने त्याला टोमणा मारला त्याने अर्धाच अर्थ सांगितला होता. बकरे कापणारे, हे खरे. पण ज्याच्या हातचे सगळे गाव खात होते असा माणूस, हा दुसरा अर्धा भाग राहून गेला होता. आपल्या देशात कुणाच्या हातचे खायचे आणि कुणाच्या हातचे खायचे नाही, यावर शेकडो वर्षे माणसांची पायरी ठरत आली. अशा देशात आपल्या देवीच्या नैवेद्याची सुरी गावाने ज्याच्या हातात दिली त्याला गावाने काय समजले असेल? माझे त्याला एवढेच म्हणणे होते की अर्धा अर्थ ऐकून पूर्ण नाव टाकू नकोस. पूर्ण अर्थ ऐकून टाक, मग माझी तक्रार नाही.

माझी आई, म्हणजे त्याची दादी, आतून सगळे ऐकत होती. ती बाहेर आली आणि दखनीत म्हणाली, ‘नाम बदल्या तो बदल्या बेटा. गावकु मालूम हैच तू किसका पोता है.’

पुतण्याने मोडी नोंदीची झेरॉक्स मागितली. मी दिली. अर्जासोबत जोडायला की जपून ठेवायला, हे मी विचारले नाही. जाताना त्याने अर्जाची फाईल मात्र माझ्याच टेबलावर ठेवली. विसरला की मुद्दाम ठेवली, तेही मला ठाऊक नाही. परवा फोनवर मुलीची चौकशी केली. दाखल्यावर नाव घातले का, असे विचारले. तो म्हणाला, ‘घातलं चाचा. पहिलं नाव घातलं, माझं नाव घातलं.’ आणि थांबला. मग म्हणाला, ‘आडनावाच्या रकान्यात काय लिहू, हे विचारायलाच फोन करणार होतो. मौलानाची मुलाणी लिहिताना ण लिहायचा ना?’

मी म्हटले, ‘हो. बाणाचा ण.’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)